माझ्या नावावरचा मासा

आमचे दाजी गेले तेव्हा लोकांनी त्यांच्याविषयी लय चांगलं सांगितलं. सांगू द्या. मी ताडकळसला किराणा दुकान चालवतो. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून माझा सगळा गोडवा गल्ल्यापाशीच संपतो, घरच्या माणसांसाठी उरत नाही. दाजींसाठी तर कधीच उरला नाही, आणि त्याला कारण दाजीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. जिंतूरला शाळेत इंग्रजी शिकवायचे. माणूस निर्व्यसनी. तंबाखू नाही, विडी नाही, चहासुद्धा अर्धा कप. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, आणि घरात अंडं हा शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं काढत नाही. अशा घरातला हा माणूस मासे धरायचा. खायचा नाही हो, नुसते धरायचा. धरायचा तरी कुठं? धरायला जायचा.

हे खूळ विलायतेतून आलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिकडं नोकरीला होता. त्यानं तिकीट पाठवलं, सर एकदा या म्हणाला. सर रजा काढून गेले, तेही ऐन थंडीत. माणूस विलायतेला गेला तर राजवाडा बघंल, बाजार बघंल, सासरच्या माणसांसाठी चार वस्तू आणंल. दाजींनी काय बघितलं? एक तळं बघितलं. तिथं म्हणे बर्फ भुरभुरत होतं आणि चांगली शिकलीसवरली माणसं छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून पाण्यात उभी होती. हातात लांब लवचिक काठी, काठीला दोरी, आणि दोरीच्या टोकाला पिसांची बांधलेली खोटी माशी. ती माशी पाण्यावर अलगद टाकायची. ट्राऊट नावाचा मासा तिला खरी समजून तोंडात घेतो. मग त्याला दमवत दमवत काठाला आणायचं, हातात घ्यायचं, डोळे भरून बघायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. दाजी होते तेवढे दिवस रोज त्या तळ्यावर उभे राहिले, नाक गळेपर्यंत उभे राहिले, आणि त्यांना एकही मासा लागला नाही. हे ध्यानात ठेवा. एकही नाही.

परत येताना त्या विद्यार्थ्यानं आपली जुनी काठी त्यांना देऊन टाकली. मला वाटतं पोराला घरातली अडगळ काढायची होती. दाजींनी मात्र ती काठी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी धोतरात गुंडाळून आणली आणि तिसऱ्याच दिवशी येलदरी धरणावर जाऊन उभे राहिले.

"दाजी," मी म्हणालो, "येलदरीत ट्राऊट हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"पाणी हाय, थंडी हाय, मासा हाय. त्याचं नाव काय का असंना, मेव्हणे. खरी गोष्ट पद्धतीची हाय."

पद्धत! हा शब्द त्यांनी आमच्या डोक्यात इतका घातला की पुढं अक्काच्या घरात भात करपला तरी कुणीतरी म्हणायचं, पद्धत चुकली. धरणावरचे भोई जाळी टाकतात, पोरं गळाला गांडूळ लावून बसतात, संध्याकाळी पिशवी भरून घरी जातात. दाजी त्यांच्याकडं असं बघायचे की जणू ती माणसं परीक्षेत कॉपी करायलीत. "गांडूळ म्हणजे लाच हाय," ते म्हणायचे. "मासा लाच खाऊन आला तर त्यात आपली काय इज्जत?" मी म्हणालो, "आन पिसांची माशी दाखवून फसवलं तर इज्जत?" त्यावर ते मंद हसायचे. समोरच्याची अक्कल किती हे कळल्यावर मास्तर लोक हसतात ना, तसं. त्या हसण्यानं माझं डोकं तडकायचं.

आमच्या परभणीची थंडी पेपरात येते. पारा उतरला की आम्ही कान बांधून फिरतो, गिऱ्हाईक दुपार झाल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. दाजींना तेव्हा उकळ्या फुटायच्या. सकाळी सकाळी त्यांचा फोन. "मेव्हणे, आजचा पारा बघितला का? ह्याला म्हणतात हवामान!" मी दुकानाचं शटर उघडायला गार लोखंडाला हात लावत असायचो, आणि हे येलदरीच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभे. थंडीत म्हणे मासा सुस्त होतो, खोल जातो, तेव्हा माशी हळूहळू ओढायची असते. सुस्त मासा आणि त्याहून सुस्त मास्तर, दोघं मिळून अख्खी सकाळ काढायचे.

त्या माश्या ते घरीच बांधायचे. त्यासाठी पिसं लागतात. आता पिसं कुठं मिळणार? जिंतूरच्या बाजारात कोंबडीच्या दुकानामागं. भस्म लावलेला, कोट घातलेला इंग्रजीचा मास्तर कोंबडीच्या दुकानामागं वाकून पिसं वेचतोय, हे दृश्य अक्काच्या शेजारणीनं पाहिलं आणि ती थेट अक्काकडं आली. "अवो वैनी, मास्तरांना काही कमी पडायलंय का घरी?" अक्का त्या दिवशी जेवली नाही. दाजींनी तिच्या लग्नातल्या शालूच्या पदराची जरसुद्धा उसवून माशीच्या अंगाला गुंडाळली होती. का, तर पाण्यात चमकली पाहिजे. शालू उघडला तेव्हा अक्कानं मला फोन करून रडत सांगितलं. मी म्हणालो, ये इकडं निघून. ती म्हणाली, "येऊन काय करू? तुझ्या घरी काय शालू हाय?" आमच्या अक्काचं असं.

दोरी मागं-पुढं झुलवून दूर फेकायची, ती कला. सराव शाळेच्या मैदानावर व्हायचा, टोकाला लोकरीचा गोंडा बांधून. शिपायाला वाटलं सर वानरं हाकलायलेत, तो मदतीला गलोल घेऊन आला. धरणावर मागच्या बाभळीत ती माशी रोज अडकायची. भोयांनी त्यांचं नाव माशीमास्तर ठेवलं होतं. एकदा एक शेळी मागून चालली होती, तिच्या कानातच गेली. शेळीवाल्या बाईनं दाजींना जे काही ऐकवलं ते इंग्रजीत नव्हतं, एवढंच सांगतो. दाजी मात्र घरी येऊन म्हणाले, "बघा, काटा दाबलेला होता म्हणून कान फाटला न्हाई." गळाच्या काट्याला उलटं टोक असतं, ते ते पकडीनं दाबून सपाट करायचे, माशाला सोडवताना इजा होऊ नये म्हणून. आमच्या मठाचे स्वामी घरी आले तेव्हा अक्कानं त्यांच्यापुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. स्वामींनी विचारलं, "मास्तर, खात न्हाई, मारत न्हाई, मग टोचता कशाला?" दाजींनी स्वामींना तो दाबलेला काटा दाखवला. स्वामींनी काटा पाहिला, दाजींकडं पाहिलं, आणि अक्काला म्हणाले, "माय, तू सोस."

वर्गात धडा सोडून ट्राऊट शिकवायचे ते वेगळंच. एका वर्षी माझा आवडता प्राणी ह्या निबंधात सगळ्या वर्गानं ट्राऊट लिहिला. त्यातल्या एकानंही तो पाहिला नव्हता. मास्तरांनी धरला नव्हता.

आता एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हणालो असतो, जाऊ द्या, एखाद्याला पत्त्यांचा नाद असतो, ह्यांना पाण्याचा. पण घरात पोरगी होती. माझी भाची. एकुलती एक, शिकलेली, दिसायला अक्कासारखी आणि जिभेला तिच्यापेक्षा बरी. नांदेडकडची एक चांगली सोयरीक जमत आली होती. पोरीलाही मुलगा पसंत होता. त्या लोकांनी जिंतुरात चौकशी केली आणि कुणीतरी सांगितलं, त्या घरात मासे धरतात. झालं. निरोप आला, आमचं दुसरीकडं ठरलं. आमच्यात सोयरीक करताना घरातलं आचरण बघतात. पैसा नंतर बघतात, आधी ताट बघतात. कितीतरी दिवस भाची दाजींना वाढायला बाहेर आली नाही. दाजी म्हणाले, "पण आपण खात न्हाई, हे सांगायचं ना त्यांना!" आता कुणाकुणाला सांगायचं? माशाला बोलावून साक्ष द्यायला लावायची?

मग मी कंबर कसली. सेनगावकडचं एक घर माझ्या माहितीत होतं, डाळ मिल असलेलं. मुलाच्या वडिलांशी माझा धंद्यातला जुना संबंध. माणूस लय कडक, लय धार्मिक, पण शब्दाचा पक्का. मुलगा शांत. भाचीनं फोटो बघून नाक मुरडलं नाही, म्हणजे आमच्याकडं होच. बोलणी पुढं गेली तेव्हा त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शेठ, त्या घरात कुणीतरी मासे धरतं, असं कानावर आलंय."

मी म्हणालो, "छे! मास्तर पहाटे येलदरीला पाण्याच्या कडंनं फिरायला जातात, तब्येतीसाठी. लोकांना काय, कायबी बोलतात."

खोटं नव्हतं ते. फिरायला जातातच, फक्त हातात काठी असते.

जिंतूरला जाऊन मी दाजींना समोर बसवलं. अक्कानं त्यांचा हात इष्टलिंगावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की सुपारी फुटेपर्यंत काठीला हात लावायचा नाही. दाजी शपथ घेताना खिडकीतून आभाळाकडं बघत होते. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

बघायचा कार्यक्रम मार्गशीर्षात ठरला, सकाळी अकराला. नेमका आमचा ताडकळसचा आठवडी बाजार, आठवड्यातला कमाईचा दिवस. तरी मी दुकान बंद ठेवून पहाटे मोटारसायकल काढली. थंडी अशी की हँडलावर बोटं आहेत का नाहीत ते कळंना. जिंतूरला पोहोचलो तर अक्का दारात उभी. हातात रांगोळीचा डबा, पण रांगोळी काढलेली नाही.

"गेले," ती म्हणाली.

"कुठं गेले?" मी विचारलं, पण दाराच्या मागं बघितलं तर काठी नव्हती.

"पेपरात पारा वाचला आन उठले. म्हणाले, आजच्यासारखी थंडी परत येणार न्हाई, तासाभरात येतो. पाहुण्यांसाठी काढलेला कोट घालूनच गेलेत, म्हणजे येळ वाचंल म्हणे." एवढं बोलून ती रडायला लागली. आतून भाची आली, नवी साडी नेसलेली, केस अर्धे विंचरलेले. ती रडली नाही. मला म्हणाली, "मामा, त्यांना घेऊन या. हे बी मोडलं तर मी परत कुणापुढं बसणार न्हाई."

मी मोटारसायकल येलदरीकडं पिटाळली. रस्ताभर दाजींना काय काय बोलायचं ते जुळवत गेलो. असं बोलणार होतो की इंग्रजीतसुद्धा त्याचं भाषांतर झालं नसतं.

धरणाच्या बाजूला, रस्त्याच्या खालच्या अंगाला त्यांची नेहमीची जागा. दाजी एका खडकावर उभे होते. पांढरा सदरा, काळा कोट, पॉलिश केलेले बूट, कपाळाला भस्म. आणि हातातली काठी पार वाकून अर्धगोल झालेली. दोरी ताणून पाण्यात गेलेली.

"दाजी!" मी ओरडलो.

"हळू," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लागलाय."

इतक्या थंड्या गेल्या, शेकडो पिसं गेली, अक्काचा शालू गेला, आणि मासा लागला तो आज. त्याला दुसरा दिवस मिळाला नाही.

"तोडा ती दोरी आन चला! पाहुणे निघालेत तिकडून!"

"तोडली तर काटा तोंडात घेऊन जाईल तो. मरंल." ते दोरीवरची नजर काढंनात. "आधी डावीकडं गेला मेव्हणे, मला वाटलं गेला हातचा. मग वळला. रोहू हाय. रोहू माशीला येत न्हाई म्हणतात, तो आला. ह्याला एकदा हातात घेऊन सोडतो आन लगेच निघतो. शब्द देतो."

मला माशातलं काही कळत नाही, मला डाळीतलं कळतं. पण एवढं कळलं की हा माणूस मासा सुटल्याशिवाय हलणार नाही. आणि मासा तर पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडात शिरून बसला होता. दोरी अडकली होती. दाजी कोट सांभाळत खडकावरून वाकून बघायलेत, तिकडं भाची अर्ध्या केसांनी बसलीय. माझा संयम सुटला. बूट काढले, पँट वर केली आणि शिरलो पाण्यात. अहो, काय पाणी! पायाची हाडं वाजली. मांडीपर्यंत गेलो, खोडाभोवतीची दोरी सोडवली. दाजींनी काठी माझ्याकडं पुढं केली, "हे धरा, वर उचलून धरा, ढिली सोडू नका," आणि स्वतः खडकावरून सूचना देत राहिले. डावीकडं, उजवीकडं, जरा वर, घाई नको. वर्गात उभं केल्यासारखं वाटत होतं. शेवटी तो मासा दमून कुशीवर आडवा झाला आणि मी त्याला दोन्ही हातांनी उचलला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी मासा हातात घेतला. गार, जड, आणि जिवंत. मला शिसारी आली आणि तरी तो निसटू नये म्हणून मी त्याला छातीशी धरला, इष्टलिंगाच्या अगदी जवळ.

"थांबा! तसंच थांबा!" दाजींनी खिशातून फोन काढून फोटो काढला. मग फोन खिशात टाकून ते खडकावरून खाली उतरायला लागले. दोन्ही हात पुढं केलेले, लेकरू घ्यायला करतात तसे. "द्या. आता माझ्याकडं द्या."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"शेठ?"

सेनगावहून जिंतूरला यायचं तर रस्ता येलदरीवरूनच आहे. पाहुण्यांची जीप वर रस्त्यावर उभी होती. मास्तर इथंच फिरायला येतात म्हणून मीच सांगितलेलं. भेटतील तर सोबत घेऊ, धरणही बघू, म्हणून ती माणसं थांबली होती. मुलाचे वडील पुढं, मागं मुलगा आणि दोन बायका. सगळे माझ्याकडं बघत होते. मी मांडीभर पाण्यात, कपाळाला भस्म, काखेत काठी, छातीशी मासा.

मग त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "असं होय!" ते म्हणाले. "म्हणजे ते तुमी! त्या घरात मासे कोण धरतं, ते आज कळलं."

मी दाजींकडं बघितलं. दाजी पुढं केलेले हात तसेच धरून उभे होते. एक शब्द बोलायचा होता. मासा माझा आहे, एवढंच. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, हा पद्धतीचा माणूस, आयुष्यातला एकुलता एक मासा हा सोडणार नाही. बोलणार, आणि पोरीचं वाटोळं करणार.

दाजींनी माशाकडं बघितलं. लय वेळ बघितलं. मग हात खाली घेतले, कोटाला पुसले, आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "आमचे मेव्हणे. किती येळा सांगितलं त्यांना, ऐकत न्हाईत. मी आपला फिरायला आलो होतो."

राग इतका आला की पाण्याची थंडी कळेनाशी झाली.

"सोडा त्याला मेव्हणे," दाजी म्हणाले. "तोंड पाण्याकडं करून. फेकू नका. हळू." मी त्याच्या तोंडातला काटा अलगद काढला आणि वाकून मासा पाण्यात धरला. तो क्षणभर माझ्या हातात थांबला आणि मग शेपटीचा फटकारा मारून गेला. दाजींनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

सोयरीक जमली. मुलाचे वडील म्हणाले, मुलीच्या घरचं आचरण चोख आहे, मामाचं पाप मुलीला लागत नाही. सुपारी फुटली, पेढे वाटले, भाची पहिल्यांदा हसली. निघताना दाजींनी सगळ्यांसमोर ती काठी माझ्या हातात दिली. "मेव्हणे, तुमची वस्तू इसरायलात." मी ती मोटारसायकलला बांधून ताडकळसला आणली. बायकोनं मला अंगणात उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं, त्या थंडीत दुसऱ्यांदा.

फोटो कसा कोण जाणे, आमच्या समाजाच्या ग्रुपवर गेला. दाजी म्हणत होते, चुकून गेला. बाजाराच्या दिवशी बोंबील विकणारी बाई दुकानासमोरून हाक मारायची, "शेठ, आज काय न्हाई का धरलं?" लग्नात मामानं नवरीला घेऊन यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याकडचा एक टवाळ ओरडला, "मामा कुठंयत? बघा जरा हौदावर!" सगळा मांडव हसला. दाजीही हसले. त्यांना मी त्या दिवशी बोहल्यावरच्या अक्षता फेकून मारल्या असत्या.

दाजी मग परत कधी मासा धरायला गेले नाहीत. व्याह्यांची जायची यायची वाट येलदरीवरूनच, कुणी बघितलं तर सगळं उघडं पडलं असतं. मात्र थंडी पडली की काही ना काही निमित्त काढून ताडकळसला यायचे. दुकानात बसायचे, चहा अर्धा कप, आणि मग हळूच, "काठीला तेल दिलं का?" मी गोदामाकडं बोट दाखवायचो. पोत्यांच्या मधे बसून काठीचे तुकडे जोडायचे, हातात धरून जरा हलवायचे, परत सुटे करून ठेवायचे. एकदा मी चिडून म्हणालो, "एवढा जीव होता तर तवाच म्हणायचं होतं, मासा माझा हाय!"

"आन पोरगी?" ते म्हणाले.

मी पोत्यांवरची धूळ झटकायला लागलो. पण राग गेला म्हणाल तर नाही गेला. पोरीसाठी त्याग करायचा तर स्वतःच्या नावानं करावा की. माझं नाव कशाला?

त्याहून मोठा छळ पुढंच होता. व्याही जमले, जेवणं झाली, की दाजी भिंतीला टेकून म्हणायचे, "मेव्हणे, सांगा की तो मासा कसा धरला ते." सगळ्यांपुढं मला सांगावं लागायचं. मी आपलं दोन वाक्यांत उरकायचो. लागला, धरला, सोडला. दाजींना ते चालायचं नाही. "न्हाई न्हाई, आधी तो डावीकडं गेला. मग तुमाला वाटलं गेला हातचा. मग वळला." व्याही विचारायचे, "मास्तर, तुमाला बरं ठाऊक?" दाजी म्हणायचे, "मी फिरायला आलो होतो ना." आणि मान खाली घालून बोटांनी चटईचा काठ कुरवाळत बसायचे.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आधीच दाजी गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही, तेवढं एक बरं केलं. आमच्यात गेलेल्या माणसासाठी गणाराधना करतात, पूजा आणि जेवण. त्याला सगळे जमले. जेवणानंतर व्याही दाजींचं कौतुक करायला लागले. काय आचरण, काय संयम, आयुष्यात कशाचा नाद म्हणून नाही. ऐकून ऐकून मला राहवेना. पोरगी नांदती झाली, तिला लेकरं झाली, आता कुणाचं काय बिघडणार होतं? मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "तो मासा माझा नव्हता. दाजींचा होता. काठी त्यांची, माशी त्यांनी बांधलेली, मी नुसता धरून उभा होतो."

मग व्याह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बसावंसं वाटलं. "मामा," ते म्हणाले, "माणूस गेल्यावर त्याच्यावर ढकलता? अवो, फोटो हाय तुमचा."

मी अक्काकडं बघितलं. म्हणालो, "अक्का, तू तरी सांग." अक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत निघून गेली. दाजींचं चोख नाव तिला आता मोडायचं नव्हतं, अन् तिचं बरोबरच होतं. कोपऱ्यात भाची ताटं गोळा करत होती. तिला सगळं ठाऊक होतं, त्या घरात वाढलेली पोरगी ती. तिनं ताटं खाली ठेवली, डोळे पुसले, आणि दाजी टेकायचे त्याच भिंतीला टेकून बसली.

"मामा," ती म्हणाली, "सांगा की तो कसा धरला ते."

मी सदऱ्याला हात पुसले. सांगायला लागलो. आधी तो डावीकडं गेला.